कोल्हासुराच्या गावात हॅलोविनची एवढी भीती कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एकांचं पत्र आलं. ३१ ऑक्टोबरला आपल्या गावात काही पोरापोरींनी काळे कपडे घालून हॅलोविन केलं, ही विकृती आहे, सैतानाची पूजा आहे, आईबापांनी लक्ष घालावं, पोलिसांनी बंदी आणावी वगैरे वगैरे. लिहिणाऱ्यांशी माझं काही वाकडं नाही, मी त्यांना ओळखत पण नाही. पण त्या रात्री जी चाळीस-पन्नास पोरं जमली होती त्यातल्या अकरा जणांचे कपडे मी शिवलेत, म्हणजे सैतानाचा टेलर कोण म्हणाल तर मीच, म्हणून म्हटलं आता आपणच लिहावं.

मंगळवार पेठेत माझं शिवणकाम आहे. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत शिवलेली नऊवारी, गणपतीत पोरांच्या नाचाचे ड्रेस. तीस वर्षं मशीनवर बसतोय. (बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका मी येतो मी जातो असंच बोलतो, पेपरात तेवढं शाळेतल्या बाईंनी शिकवल्यासारखं लिहिते, मधे कुठं घसरलं तर दुरुस्त करून घ्या.)

सप्टेंबरात दुकानात एक पोरगी आली, माझ्या भाचीच्या कॉलेजातली. काळा टॉप, काळ्या बांगड्या, नखं काळी, ओठ पण काळे. मला पहिल्यांदा वाटलं घरात कुणी गेलंय काय हिच्या. तर म्हणती कशी, "काकू, कॉर्सेट शिवून देता काय? मी कापड आणतो." मी म्हटलं ते काय असतंय बाई. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. नीट बघितलं तर पाठीला नाडी असलेला लांब ब्लाउजच की वो तो, फक्त आतून उभ्या पट्ट्या घालायच्या म्हणजे कापड ताठ राहतं. त्या पट्ट्यांना म्हणे हाड म्हणतात, ती काय गावात कुठं मिळाली नाहीत. शेवटी तिनंच डोकं लावलं, इलेक्ट्रिकच्या दुकानातनं ते केबल बांधायचे जाड प्लास्टिकचे टाय आणले, मी ते मापात कापले, टोकं मेणबत्तीवर धरून गोल केली नाहीतर अंगात घुसतात, आणि अस्तरात एकेक खाच शिवून आत सारले. पहिला ब्लाउज तीन वेळा उसवला. चौथ्यांदा असा बसला की मी स्वतःच खूश, पोरगी आरशासमोरनं हलेना.

दोन दिवसांनी तीच पोरगी आजीची चंद्रकळा घेऊन आली. काळीभोर, पदर जरा विरलेला, घडीवर चिरलेली. हिचा घोळदार गाऊन पाहिजे होता. मला कात्री लावायचं धाडस होईना, आजीच्या हातची वस्तू, उद्या घरचे भांडायला आले तर? तर संध्याकाळी आजीच रिक्षातनं दुकानात हजर. म्हणाल्या, "काप की, ट्रंकेत कुजाय लागलीया, घालू दे तिला." मग कापली. पहिल्या संक्रांतीला त्यांनी ती नेसली होती, हलव्याचे दागिने घालून, त्याचा फोटो पण त्यांनी पिशवीतनं काढून दाखवला. आता मला एक सांगा, जानेवारीत सुनेला काळी साडी आपण हौसेनं घेतो, दुकानदार बाहेर काळ्या साड्या लावून ठेवतात, आणि तोच रंग ऑक्टोबरात घातला की सैतानाचा कसा काय होतो?

माप घ्यायला, ट्रायलला पोरं येत राहिली आणि मशीन चालू असताना बोलत राहिली, त्यामुळं मला बरंच कळलं. ह्या लोकांना गॉथ म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला इंग्लंडात पंक म्हणून धांगडधिंग्याची गाणी होती, त्या पंकवाल्यांच्या मागोमाग ही गाणी आणि हा पेहराव आला, १९८२ ला लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह म्हणून एक क्लब निघाला, तिथं ही मंडळी जमायची. पण शब्द त्याच्यापेक्षा लई जुना. गॉथ ही युरोपातली एक जमात होती, इसवी सन ४१० मध्ये त्यांच्यातल्याच एका शाखेनं रोम शहर लुटलं. मग हजारभर वर्षांनी इटलीतल्या शहाण्या लोकांना ती जुनी उंच टोकदार कमानींची चर्चेस आवडेनात, म्हणून त्यांना नाव ठेवलं गॉथिक, म्हणजे आपल्या भाषेत अडाण्यांचं, रानटी. शिवीच होती ती. पुढं शिवी गेली आणि कौतुक उरलं.

आणि हे गॉथिक बघायला विमानानं जायला नको. आपलं सीपीआर दवाखान्यासमोरचं टाऊन हॉल म्युझियम बघा, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेलं, ती टोकदार कमान, तो उतरता टोकदार माथा, ती सगळी त्याच घराण्यातली गॉथिक शैली. आपण लहानपणी शाळेच्या सहलीत रांगेनं आत गेलोय, कुणाला भूत लागल्याचं ऐकलं नाही. आत गेला तर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उकरताना सापडलेली ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची कांस्याची छोटी मूर्ती पण बघून या. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठाला परदेशचा देव येऊन राहिला, तेव्हा कुणी पत्र लिहिलं असंल काय पेपरात, की आमच्या संस्कृतीचं काय होणार म्हणून?

त्या पत्रात भोपळा कोरण्यावर फार राग आहे. आता ऐका. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातून त्रिशुळानं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते ती ज्यानं बघितली त्यालाच माहीत, आमच्या शेजारच्या दादांचा एकदा खांदा निखळलाय त्यात. तो कोहळा म्हणजे कोण? राक्षस. कोल्हासुर मरताना आईला म्हणाला की ह्या जागेला माझं नाव राहू दे, आईनं दिलं, अशी कथा आपण लेकरांना सांगतो. म्हणजे मारलेल्या राक्षसाचं नाव आपण रोज पत्त्यात लिहितोय, बसच्या पाटीवर लिहितोय, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला लावतोय. नरक चतुर्दशीला पहाटे कारिट फोडतो तो पण राक्षसच, आणि २०२४ ला तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, आम्ही पहाटे कारिट फोडलं आणि त्याच संध्याकाळी तिकडं लोकांनी भोपळे उजळले. दुकानाच्या दाराला कोहळा बांधणारे, अमावस्येला लिंबू-मिरची बदलणारे आपण, आपल्याला दुसऱ्याच्या भोपळ्याची भीती वाटावी म्हणजे नवलच.

बरं तिकडचं पण मूळ बघितलं तर शेतकऱ्याचंच आहे. आयर्लंड, स्कॉटलंडकडं पिकं घरात आली, थंडी सुरू झाली की सॅविन म्हणून सण असायचा, त्या रात्री मेलेले लोक घराकडं येतात अशी समजूत, म्हणून जाळ करायचा, सोंगं घ्यायची. पुढं ख्रिस्ती लोकांनी १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस धरला, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन, आणि २ तारखेला मृतांसाठी प्रार्थना, कबरीवर मेणबत्त्या. आपला पितृपंधरवडा आठवतो का नाही? भोपळा तर नंतरचा, आधी तिथं सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, एकोणिसाव्या शतकात दुष्काळात आयरिश लोक ढिगानं अमेरिकेला गेले आणि तिथं भोपळे मोठे आणि कोरायला सोपे मिळाले. आणि पोरं दारोदार जाऊन खाऊ द्या नाहीतर खोड्या काढू म्हणतात त्याचं काय एवढं? होळीला टिमकी बडवत दारात येऊन शेणी-लाकडं मागणारी आणि नाही दिली तर रात्री परड्यातला ओंडका पळवणारी पोरं मी पण बघितलीत, त्यातलं एक माझा सख्खा भाऊ होता.

आता कार्यक्रमाचं सांगते, कारण पत्र लिहिणारे तिथं नव्हते आणि मी होते.

पोरांनी महिनाभर आधी एक हॉल ठरवला होता, पैसे भरले होते, पावती आहे. आदल्या दिवशी दुपारी फोन आला की येऊ नका. का? तर कुणीतरी व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो फिरवले आणि खाली लिहिलं की इथं नरबळीचं नाटक होणार आहे. नरबळी! हॉलवाल्यांना पोरांनी हातापाया पडून सांगितलं की गाणी, गोष्टी आणि मेकअपची स्पर्धा आहे, पण ते ऐकेनात, ॲडव्हान्समधले पण अर्धेच परत मिळालेत अजून. संध्याकाळी सात वाजता माझ्या दुकानात तोंडं पाडून बसली सगळी. एक पोरगं, अंगानं हे एवढं धिप्पाड, कानात चार बाळ्या, रडत होतं. मग आमच्या मालकांनीच म्हटलं, वर टेरेस मोकळाच आहे, करा की.

तर असा तो सैतानाचा सोहळा आमच्या टेरेसवर, पाण्याच्या टाकीशेजारी झाला.

मंडईतनं सहा तांबडे भोपळे आणले. आपला भोपळा कोरायला सोपा नाही हे आधी सांगून ठेवते, साल अशी कडक की सुरी घसरते, एकाचा अंगठा कापलाच. मी मग त्यांना वरनं झाकण कसं तिरकं कापायचं ते दाखवलं म्हणजे ते आत पडत नाही, आणि आतला गर परातीत काढून घेतला, टाकतंय कोण. गूळ, कणीक, जरा वेलदोडा घालून त्या गराचे घारगे केले, दीडशेवर झाले असतील, एक उरला नाही. काळी लिपस्टिक लावून घारगे खाल्ले की कडेला काळे ठसे उमटतात हे मला त्या दिवशी कळलं.

मेकअपला आमच्या पेठेतले एक म्हातारे आले होते, जुन्या पिक्चरच्या लाईनीतले. पोरांनी ऑनलाइन मागवलेलं जखमांचं किट त्यांनी बघितलं आणि बाजूला सारलं. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको, झालं रक्त. कापूस आणि डिंकावर अशी काय जखम उठवली एकीच्या गालावर की माझ्याच पोटात कसंतरी झालं. ते करता करता सांगत होते, बाबूराव पेंटरांनी १९२० ला ‘सैरंध्री’ मूकपट काढला, त्यातला कीचकवध बघून थिएटरात बायकांना चक्कर आली आणि पुढं तो सीनच कापावा लागला. म्हणजे माणसाला घाबरवायचं काम आमच्या कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वीच चोख केलंय, आज नवीन काय आलं?

मग गोष्टी. राधानगरीकडच्या एका पोरानं चकवा लागल्याची गोष्ट सांगितली, त्याच्या चुलत्याला रात्रभर एकाच बांधाला फिरवलं म्हणे, पहाटे बघतो तर घर पन्नास पावलांवर. मी आमच्या माहेरच्या पिंपळावरच्या मुंज्याची सांगितली. कुणाला हडळ, कुणाला खवीस. इंग्लिश भुतं शेवटाला कोपऱ्यात राहिली, सगळी मराठीच भुतं जमली होती. एका बाजूला टेबलावर ज्यानं त्यानं आपापल्या घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो ठेवला होता, पुढं पणती. चंद्रकळेवाल्या पोरीनं आजोबांचा ठेवला. त्या रडलेल्या धिप्पाड पोरानं त्याच्या कुत्र्याचा ठेवला.

पावणेदहाला दोन पोलीस आले, तक्रार गेली होती. बघितलं, वरनं खालपर्यंत बघितलं, एकानं विचारलं हे कसलं मंडळ? मग म्हणाले दहाला साऊंड बंद करा. दहाला बंद केला. घारगे दोघांनी खाल्ले.

गाणी मात्र मला अजिबात आवडली नाहीत हे पण लिहिते, नाहीतर म्हणाल काकू पार त्यांच्यातलीच झाली. बिडाच्या तव्यावर उलथनं घासल्यासारखा आवाज आणि गाणाऱ्याला जणू पडसं. एक जण अंगाला राख फासून अघोरी बनून आला होता, त्याला मी तोंडावर सांगितलं, बाबा हे कुणाच्या तरी साधनेचं आहे, ह्याचं सोंग नको, त्यानं ऐकलं, खाली नळावर जाऊन धुऊन आला. प्लास्टिकच्या कवट्या आणि हाडांचा जो ढीग सकाळी उरला तो बघून पण डोकं फिरलं, पुढच्या वर्षी कागदाच्या लगद्याच्या करा म्हटलंय, गणपतीच्या मूर्तीला जमतंय तर कवटीला का जमंना. आणि मोठ्या दुकानांचं ते हॅलोविन, सेल लावून, किंवा शाळेतनं चिठ्ठी येते उद्या पोराला चेटकिणीचा ड्रेस घालून पाठवा आणि आई रात्री नऊला माझ्या दारात, त्याच्यावर कुणी टीका केली तर पहिली सही माझी. ह्या पोरांचं तसलं नाही. ती वर्षभर तशीच असतात. आणि त्याचीच किंमत मोजतात.

त्याचंच सांगायचं होतं खरं. कॉर्सेटवाल्या पोरीला मी एकदा ट्रायलच्या वेळी सहज म्हटलं, असं काळं-बिळं घालून फिरतीस, भीती नाही वाटत? तिनं सांगितलं, रंकाळ्यावर मागच्या महिन्यात कुणीतरी गाडीवरनं जाता जाता खाल्लेलं कणीस फेकून मारलं, डोळ्याच्या खाली लागलं. घरी सांगितलं नाही, कारण घरचे म्हणणार मग घालतीस कशाला. मग तिनं सोफी लँकेस्टरचं सांगितलं. इंग्लंडात लँकशायरमधल्या बेकप गावची पोरगी, वीस वर्षांची, अशीच काळे कपडे घालणारी. २००७ च्या ऑगस्टमध्ये रात्री बॉयफ्रेंडबरोबर पार्कमधनं चालली होती, टोळक्यानं आधी त्याला धरून मारलं, ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन वाचवायला बघत होती तर तिच्या डोक्यात लाथा घातल्या. तेरा दिवसांनी गेली. कारण काय, तर वेगळी दिसत होती. पोराटकीच होती मारणारी. त्याच्यानंतर तिच्या आईनं तिच्या नावानं काम सुरू केलं आणि २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस असल्या पेहरावामुळं झालेल्या हल्ल्यांची द्वेषाचा गुन्हा म्हणून वेगळी नोंद करतात. हे ती पोरगी अगदी शांतपणे सांगत होती, हात वर करून उभी, मी बगलेचं माप घेत होते. टाचणी माझ्या बोटात गेली.

म्हणून तो विकृती शब्द मला झोंबला साहेब. छापील शब्द वाचून कणीस फेकणाऱ्याला बळ येतंय.

आणि ज्या देशात हे सुरू झालं तिथं सगळे काय गॉथ नाहीत, तरी गावं कशी वागतात बघा. व्हिटबी म्हणून इंग्लंडच्या समुद्रकाठचं मासेमारीचं गाव आहे, ड्रॅक्युलाच्या कादंबरीत त्याचं जहाज तिथंच किनाऱ्याला लागतं, त्या नावावर तिथं १९९४ पासून गॉथ लोकांचा मेळा भरतो, हॅलोविनच्या सुमारास काळे झगे घातलेले सत्तरीचे आजी-आजोबा पण येतात, लॉजवाल्यांचा, चहावाल्यांचा धंदा होतो. आपल्या जोतिबाला चैत्रात सगळा डोंगर गुलाबी होतो तसं ते गाव काळं होत असंल. जर्मनीत लाइपझिगला १९९२ पासून असाच मेळा आहे, वीसेक हजार माणूस येतं. तिथली म्हातारी माणसं खिडकीत बसून बघतात म्हणे कोण काय घालून आलंय, जशी आपण गणपतीच्या मिरवणुकीला बसतो.

परकं परकं म्हणणाऱ्यांना एकच आठवण. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या बड्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे पेटलो होतो, मी पण. का, तर आमचं घेतलं आणि आमचं नाव नाही घेतलं. बरोबरच होतं ते. पण ह्या पोरांनी तिकडचं घेतलं ते नाव घेऊन घेतलंय, आणि पायात काय होतं त्यांच्या? कोल्हापुरीच, काळ्या पॉलिशची, कर्र कर्र वाजणारी, वरनं स्टीलच्या टिकल्या ठोकून घेतलेली. ठोकून देणारे चप्पल लाईनीतले मामा आधी हसले म्हणे, मग स्वतःच म्हणाले अजून दोन रांगा मारू काय, शोभंल.

तर मागणं एवढंच आहे. ज्यांनी पत्र लिहिलं त्यांनी पुढच्या ३१ ऑक्टोबरला आमच्या टेरेसवर यावं, पायऱ्या चढायला त्रास असंल तर खाली खुर्ची टाकतो. आणि महापालिकेनं एक दिवसापुरती एखादी मोकळी जागा भाड्यानं द्यावी, टाऊन हॉलची बाग मिळाली तर सोन्याहून पिवळं, रीतसर अर्ज पोरं करणार आहेत, मराठीत, मी तपासून दिलाय. हॉलवाल्यांनी राहिलेले अर्धे पैसे द्यावेत, नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना माहीत आहे.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : त्या रात्री टेरेसवर एक काळा जाळीचा हातमोजा राहिलाय, डाव्या हाताचा, करंगळीपाशी उसवलेला. मी शिवून ठेवलाय. ज्याचा असंल त्यानं दुपारी दोन ते चार सोडून कधीपण न्यावा.